शब्दचर्चा : ‘उत्सर्जन घटलं’ म्हणजे नक्की काय घटलं?

ओळीतली :
एका पुरवणीसाठी मी हवामानबदलावरचे लेख मराठीत आणते. मागच्या आठवड्यात एक साधं वाक्य होतं. २००५ ते २०२० या काळात भारताच्या जीडीपीची, म्हणजे देशातल्या एकूण उत्पादनाची, ‘एमिशन इंटेन्सिटी’ ३६ टक्क्यांनी कमी झाली. सरकारी कागदांत असतं तसं मी ‘उत्सर्जन तीव्रता’ लिहून दिलं. छापून आलं तेव्हा वर मथळा होता, ‘भारताचे कार्बन उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटले’. मथळे देणाऱ्या डेस्कवर मी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, “मॅडम, तीव्रता कमी झाली म्हणजे उत्सर्जनच कमी झालं ना? वाचकाला कशाला दोन शब्द?”
चूक आहे हे मला कळत होतं, पण फोनवर दोन वाक्यांत सांगता येईना. मग वाटलं, दोष डेस्कचा की माझ्या शब्दाचा? ‘तीव्रता’ला दुसरा शब्द आहे का?

उगाचच :
डेस्कचा. पुढचा प्रश्न.

खडूफळा :
दोष दोघांचाही थोडा थोडा. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं, त्यामुळे आधी फळ्यावरचं उदाहरण देतो. समजा एका देशाचं उत्पादन १०० होतं, ते २५० झालं. उत्सर्जन १०० होतं, ते १६० झालं. तीव्रता म्हणजे उत्सर्जन भागिले उत्पादन. आता १६० भागिले २५० करा. ०.६४ येतं. पूर्वी १ होतं. म्हणजे तीव्रता ३६ टक्क्यांनी खाली आली, आणि उत्सर्जन ६० टक्क्यांनी वर गेलं. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी. (आकडे मी सोयीसाठी घेतलेत, भारताचे म्हणून वापरू नका.)
खऱ्या भारताचं बघायचं तर इंधनं जाळून होणारा कार्बन डायऑक्साइड २००५ मध्ये वर्षाला साधारण १२० कोटी टन होता, २०२३ मध्ये तो ३०० कोटी टनांच्या आसपास पोचला. म्हणजे अडीच पट. आणि मथळा म्हणतो घटले!

तुमच्या वाक्यात दुसरीही एक खोच आहे, जिच्याकडे कुणी बघत नाही. ‘जीडीपी वाढला’ याला आपली वर्तमानपत्रं काय म्हणतात? ‘विकासदर’. क्रमिक पुस्तकात आम्ही पहिल्याच धड्यात शिकवायचो की आर्थिक वृद्धी वेगळी आणि आर्थिक विकास वेगळा. वृद्धी म्हणजे उत्पादनाचा आकडा फुगणं. विकास म्हणजे त्या आकड्यातून शाळा, दवाखाने, पोटभर अन्न वगैरे उगवणं. पोरं हे परीक्षेत दहा मार्कांना लिहायची आणि बाहेर पडून पेपरात नोकरीला लागली की ‘विकासदर ६ टक्के’ लिहायची.
शिवाय ‘विकासदर घटला’ म्हटलं की निम्म्या लोकांना वाटतं अर्थव्यवस्था आकसली. ८ वरून ६ वर आला तरी उत्पादन वाढतच असतं, वाढीचा वेग कमी झालेला असतो. वेग, प्रमाण आणि रक्कम या तिघांना आपण एकच क्रियापद लावतो : घटणे.

शब्दखोर :
‘तीव्रता’ इथे पहिल्यापासूनच गंडलेला शब्द आहे. मराठी कानाला तीव्रता म्हणजे जोर. वेदना तीव्र, ऊन तीव्र, ‘४.२ तीव्रतेचा भूकंप’. (गंमत म्हणजे भूकंपशास्त्रात तो रिश्टरचा आकडा वेगळा आणि तीव्रता वेगळी. तिथेही आपण दोन्हींना एकाच पोत्यात घातलंय.) ‘उत्सर्जन तीव्रता’ वाचून कुणालाही वाटणार की धूर जोरात येतो की हळू. यात भागाकार लपला आहे याची शब्दात खूणच नाही. मग डेस्कवरच्या माणसाने तो उडवला तर नवल काय?

‘उत्सर्जन’ही बघा. उत् अधिक सृज्, बाहेर सोडणं. उत्सर्ग त्याचाच भाऊ. शाळेत मात्र हा शब्द आधी भेटतो तो जीवशास्त्रात, मूत्रपिंडांच्या आकृतीसोबत : उत्सर्जन संस्था. माझ्या भाचीने ‘भारताचे उत्सर्जन’ वाचून जे तोंड केलं ते अजून आठवतंय. पण शब्द म्हणून मला तो आवडतो. शरीर चालायचं तर काहीतरी बाहेर टाकावंच लागतं, तसंच अर्थव्यवस्थेचं.

ओळीतली :
मग सरळ ‘धूर’ का नको? ‘दर रुपयामागे धूर’. सगळ्यांना कळेल.

ऊर्जानगरी :
नको राजेहो, धूर नको! मी चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत वाढलो. २,९२० मेगावॉटचं केंद्र आहे. बाहेरून पाहुणे आले की त्या रुंद बुटक्या मनोऱ्यांतून निघणारे पांढरे ढग बघून म्हणत, “बापरे, केवढा धूर!” ती वाफ असते. पाणी थंड करायचे मनोरे आहेत ते. धूर निघतो उंच सडपातळ चिमणीतून, आणि राख अडवणारी यंत्रणा नीट चालत असेल तर तो फारसा दिसतही नाही. ज्याची इथे चर्चा चाललीय तो कार्बन डायऑक्साइड तर अजिबात दिसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. राख अडवली म्हणजे हवा स्वच्छ दिसते, पण कोळशाच्या एका युनिट विजेमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड वर जातोच. धूर घटला आणि उत्सर्जन तेवढंच राहिलं, असं रोज होतं.
सिमेंटचं तर आणखीच वेगळं. आमच्या जिल्ह्यात सिमेंटचे कारखानेही आहेत. चुनखडी भाजली की दगडातूनच वायू सुटतो. भट्टी उद्या सूर्यावर चालवली तरी तो सुटणार. त्याला धूर म्हणणार का?

दुसरं म्हणजे ‘ऊर्जा’ आणि ‘वीज’. मराठी लेखांत ‘ऊर्जेचा वापर’ असं सुरू होतं आणि तिसऱ्या ओळीत त्याची वीज होते. आपण अंतिमतः जी ऊर्जा वापरतो त्यात विजेचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आतबाहेर आहे. बाकीचं डिझेल, पेट्रोल, सिलिंडर, भट्टीतला कोळसा, चुलीतलं सरपण. लीटरभर डिझेल जाळलं की २.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. ते ‘लाइट बिला’त दिसत नाही.

आणि अजून एक जोडी, जी मला रोज छळते : क्षमता आणि निर्मिती. जून २०२५ मध्ये देशाच्या वीज क्षमतेतला जीवाश्म इंधनाव्यतिरिक्तचा वाटा ५० टक्क्यांवर गेला. हवामानबदलावरच्या पॅरिस कराराखाली २०३० साठी दिलेला शब्द पाच वर्षं आधी पाळला, चांगलीच गोष्ट. पण दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं, ‘देशाची निम्मी वीज आता हरित’. अहो, क्षमता म्हणजे भांडं केवढं, आणि निर्मिती म्हणजे त्यात दूध किती. सौर पॅनेल रात्री झोपतं, ढगात पेंगतं. वर्षाचा हिशेब काढला तर क्षमतेच्या पाव हिश्श्याच्या आतच वीज देतं. कोळशाचं केंद्र रात्रंदिवस चालतं. म्हणून प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत ७० टक्क्यांहून जास्त वाटा अजून कोळशाचाच आहे.

शब्दखोर :
भांडं आणि दूध, झकास!
अवांतर : ‘ऊर्ज’ हे कार्तिक महिन्याचं जुनं नाव. आश्विन तो इष, कार्तिक तो ऊर्ज. दोन्हींच्या मुळाशी अन्न, रस, बळ असे अर्थ. म्हणजे ऊर्जा पहिल्यांदा पोटात गेली, तारेत नंतर.

दोनएकर :
नमस्कार मंडळी. मी शेतकरी माणूस, सांगली भागातला. वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहितो. तुम्ही शब्द शोधताय, पण आमच्याकडं तो कधीचा आहे. आम्ही विचारतो, “एकरी किती पडला?” एकरी ६० टन म्हणजे एका एकरामागं ६० टन. गावात माझ्यापेक्षा एकरी जास्त काढणारा आहे, पण त्याचं रान अर्धा एकर. कारखान्याला ऊस जास्त कुणाचा गेला? माझा. एकरी वेगळं, एकूण वेगळं, हे शेतात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.
गाडीचंही तसंच. “अ‍ॅव्हरेज किती देते?” हा प्रश्न सगळा महाराष्ट्र विचारतो. जुनी गाडी लीटरला ४० द्यायची, नवी ६० देते. पण जुनी असताना पोरगा तालुक्याला आठवड्यातनं एकदा जायचा, आता रोज जातो. पेट्रोलचा खर्च वाढला की घटला? ज्याला अ‍ॅव्हरेज कळतं त्याला तुमची ती तीव्रता कळणार.

ओळीतली :
दादा, हेच हवं होतं! म्हणजे तीव्रता हे अ‍ॅव्हरेजचं उलटं रूप. अ‍ॅव्हरेज म्हणजे लीटरमागे किलोमीटर, तीव्रता म्हणजे किलोमीटरमागे लीटर.

खडूफळा :
अगदी बरोबर. आणि मराठीने भागाकारासाठी प्रत्ययच देऊन ठेवलेत, आपण ते विसरून ‘तीव्रता’ आणि ‘सघनता’च्या मागे लागलो. एकरी, माणशी, दरडोई, शेकडा, टनामागे. ‘रुपयामागचं उत्सर्जन’ लिहा. तो ‘मागचं’ कुणी उडवू गेलं तर वाक्यच लंगडं होईल, डेस्कला हात लावता येणार नाही.
जपानी ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांचं प्रसिद्ध समीकरण याच प्रत्ययांत अख्खं मांडता येतं :
एकूण उत्सर्जन = माणसं × माणशी उत्पन्न × रुपयामागे ऊर्जा × ऊर्जेमागे कार्बन.

उगाचच :
मी ‘कायाचं समीकरण’ वाचून योगासनांचं काहीतरी असेल म्हणून पुढे गेलो होतो.

खडूफळा :
परत या! नीट बघितलं तर हे समीकरण नाहीच. शाळेच्या भाषेत ती नित्यसमानता आहे. छेद-अंश कटून दोन्ही बाजूंना उत्सर्जनच उरतं. पण मांडणी कामाची आहे, कारण भांडण कुठल्या डब्यात आहे ते दिसतं. माणसं आणि माणशी उत्पन्न हे पहिले दोन आकडे भारतात वाढतायत, आणि दुसरा वाढावा अशीच सगळ्यांची इच्छा आहे. मग पुढच्या दोघांनी खाली यायचं. ‘रुपयामागे ऊर्जा’ उतरते ती चांगल्या मोटारी, एलईडी, आणि लोखंडापेक्षा संगणकावर पैसे कमावणं यामुळे. ‘ऊर्जेमागे कार्बन’ उतरतो तो कोळशाच्या जागी सूर्य, वारा, पाणी, अणू आल्यावर. भारतात तिसरा डबा बऱ्यापैकी उतरला, चौथा आत्ता कुठे हलतोय. पहिले दोन ज्या वेगाने चढतात त्याहून जास्त वेगाने शेवटचे दोन उतरले, तरच एकूण घटणार.

आणि भागाकारात खाली कुठली संख्या ठेवायची, हा राजकारणाचा प्रश्न आहे बरं का. माणशी बघितलं तर भारतीय वर्षाला साधारण २ टन, जगाची सरासरी साडेचारच्या वर, अमेरिकी माणूस १४ टनांच्या आसपास. एकूण बघितलं तर चीन, अमेरिका आणि मग भारत. जो तो आपल्याला शोभेल तो छेद घेऊन परिषदेला जातो. आपणही जातो.

दोनएकर :
सर, तुमच्या तिसऱ्या डब्यावर शंका आहे. मी ठिबक बसवलं. पाणी निम्मं लागायला लागलं. लोक म्हणाले पाणी वाचलं. कुठलं वाचलं? उरलेल्या पाण्यावर शेजारचं पडीक रान खंडानं घेऊन तिथंही ऊसच लावला. विहीर आधी जेवढी उपसायचो तेवढीच उपसतो. फायदा झाला हे नाकारत नाही, पण पाणी काही वाचलं नाही.

खडूफळा :
दादा, तुम्ही जे सांगितलंत ते विल्यम स्टॅनली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये इंग्लंडच्या कोळशाबद्दल लिहिलं. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाला जुन्या इंजिनापेक्षा पुष्कळ कमी कोळसा लागायचा. म्हणून वाफेची ताकद स्वस्त झाली, म्हणून ती नव्या नव्या कामांना जुंपली गेली, आणि देशाचा कोळसा खप चढतच गेला. यालाही शब्द हवाय. ‘प्रतिक्षेप परिणाम’ असं काहीतरी वाचलंय, आणि वाचून काहीही कळत नाही.

शब्दखोर :
‘वाचलेलं फिरून खर्ची पडणं’. शब्द नाही, वर्णन आहे, पण कळतं. प्रत्येक कल्पनेला एकशब्दी संस्कृत टोपी घातलीच पाहिजे असं थोडंच आहे?
यातूनच ‘कार्यक्षमता’ आणि ‘काटकसर’ यांतला फरक निघतो. पहिलीत तेवढंच काम कमी इंधनात होतं. दुसरीत कामच बेतानं काढलं जातं. सरकारी मराठीत दोन्हींना ‘ऊर्जा बचत’ म्हणतात.

टेम्सकाठ :
इंग्लंडात पंचवीस वर्षं झाली, म्हणून या बाजूने लिहितो. इकडे सध्या लाडका शब्द आहे ‘डीकपलिंग’. म्हणजे अर्थव्यवस्था वाढते पण उत्सर्जन तिच्याबरोबर वाढत नाही. ब्रिटन यात स्वतःची पाठ थोपटून घेतं, आणि काही अंशी ते रास्तही आहे. १९९० ते २०२२ मध्ये उत्सर्जन निम्म्यावर आलं आणि अर्थव्यवस्था जवळजवळ ८० टक्क्यांनी वाढली. आधी कोळशाच्या जागी उत्तर समुद्रातला गॅस आला, मग समुद्रातल्या पवनचक्क्या. ३० सप्टेंबर २०२४ ला ब्रिटनमधलं शेवटचं कोळसा वीज केंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोअरचं, बंद झालं. १८८२ मध्ये लंडनच्या होबर्न व्हायाडक्टवर कोळशाची पहिली सार्वजनिक वीज तयार झाली होती, त्या गोष्टीला १४२ वर्षं झाली होती.

पण एक पाचर आहे. हा हिशेब ब्रिटनच्या भूमीवर जे जळलं त्याचा. मी घातलेला शर्ट, स्वयंपाकघरातली पातेली, हातातला फोन बाहेर बनून येतात. त्यांचा धूर (सॉरी, उत्सर्जन!) चीनच्या, बांगलादेशच्या, भारताच्या खात्यावर. वापरणाऱ्याच्या नावावर मांडलं तर ब्रिटनचा आकडा बराच वर जातो. तरीही तो खाली येतोय, हेही सांगितलं पाहिजे. फक्त मथळ्याइतका नाही.
तर प्रश्न : डीकपलिंगला काय म्हणावं?

ओळीतली :
मी एकदा ‘विलगीकरण’ लिहिलं होतं. संपादकांचा निरोप आला, “करोना परत आला का?”

ऊर्जानगरी :
रेल्वेत डबे सुटतात त्याला आम्ही कपलिंग सुटलं म्हणतो. डीकपलिंगच ठेवा.

शब्दखोर :
‘फारकत’! फारिग म्हणजे मोकळा, खत म्हणजे लिहिलेला कागद. मूळ अर्थ मोकळं केल्याचा दस्तऐवज. आता नवरा-बायकोत होते, भाऊबंदकीत होते, विचार आणि आचार यांच्यात तर रोज होते. ‘वाढ आणि उत्सर्जन यांची फारकत’ सहज बसतं.
यात दोन पायऱ्या आहेत ना? पहिलीत उत्सर्जन वाढतं, पण उत्पादनापेक्षा सावकाश. दुसरीत उत्पादन वर आणि उत्सर्जन खाली. पहिलीला ‘सापेक्ष’ आणि दुसरीला ‘निरपेक्ष’ म्हणण्यापेक्षा पहिलीला ‘गाठ सैल होणं’ म्हणू. भारताची गाठ सैल झालीय. ब्रिटनची फारकत झालीय.

टेम्सकाठ :
फारकत मान्य. पण पोटगी चालू आहे, मघाचं शर्टाचं लक्षात ठेवा.

दोनएकर :
एक विचारू का? आमच्याकडं कृषी खात्याची माणसं येतात आणि म्हणतात, “कर्ब वाढवा.” मातीत सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के आहे, तो १ वर न्या. आणि टीव्हीवर सांगतात कार्बन कमी करा. हे एकच का?

शब्दखोर :
एकच, दादा. मातीत हवा, हवेत नको. कर्ब हा मराठीनं रुळवलेला शब्द, कार्बन हा टीव्हीवरचा. गंमत अशी की टीव्हीवर ‘कार्बन’ म्हणतात आणि मोजतात मात्र कार्बन डायऑक्साइड. १२ किलो कर्ब जळला की ऑक्सिजन धरून ४४ किलो वायू होतो. एक टन कर्ब म्हणजे जवळजवळ ३.६७ टन वायू. भाषांतर करताना मूळ आकडा कशाचा आहे हे बघितलं नाही, तर साडेतीन पटींहून मोठी चूक होते. ओळीतली, हे डेस्क नाही पकडणार, तुम्हालाच बघावं लागेल.

उगाचच :
‘नेट झीरो’ राहिलं. २०७० ला भारत ‘निव्वळ शून्य’ होणार असं वाचतो तेव्हा मला ‘निव्वळ मूर्खपणा’सारखं ऐकू येतं.

खडूफळा :
हा हा! ‘निव्वळ नफा’तला निव्वळ आहे तो, पण तुमचं खरं आहे, शेजारी शून्य आलं की अर्थ उलटतो. दुकानदारी मराठीत ‘वजा जाता’ म्हणतात. ‘वजाजाता शून्य’. सोडलेल्यातून शोषलेलं वजा जाता हातात शून्य. ‘शून्य उत्सर्जन’ मात्र लिहू नका, तसं कुणीच कबूल केलेलं नाही.

ओळीतली :
सर्वांचे आभार. दुरुस्तीसाठी आज हे पाठवलं : ‘२००५ ते २०२० दरम्यान रुपयामागचं उत्सर्जन ३६ टक्क्यांनी उतरलं, देशाचं एकूण उत्सर्जन मात्र वाढतंच आहे.’ रकमेसाठी ‘घटणे’ आणि प्रमाणासाठी ‘उतरणे’ असं माझ्यापुरतं ठरवलंय.

उगाचच :
एवढं मथळ्यात मावेल?

ओळीतली :
दोन कॉलमात नाही मावत. तीन मागितलेत.